साखळीला तेल कोणी घालायचे?

साहित्यचर्चेच्या या जागी मोटरसायकलच्या साखळीचा विषय आणल्याबद्दल वाचक आम्हांस दोष देतील, हे गृहीत धरूनच लिहीत आहोत. आम्ही दोघे मराठीचे अध्यापक. एक घाट ओलांडून महाविद्यालयात जातो, जाऊन-येऊन रोजचे ८० किलोमीटर. दोन वर्षांपूर्वी आम्ही भागीत एक जुनी मोटरसायकल घेतली. पहिल्या मालकाने तिला स्वयंचलित चेन ऑइलर बसवून घेतला होता. पहिल्याच सर्व्हिसिंगला मेकॅनिकने विचारले, "सर, हे काढून टाकू का? उगाच तेल सांडतं." आम्ही "राहू द्या" म्हणालो. आपण तसे का म्हणालो, याचा विचार मात्र बऱ्याच उशिरा केला.

साखळीच्या प्रत्येक सांध्यात एक पिन बुशमध्ये फिरते आणि बुशवर रोलर फिरतो. हान्स रेनॉल्ड यांनी १८८० साली मँचेस्टर येथे या रचनेचे पेटंट घेतले; तत्त्वतः आजही तीच रचना चालू आहे. साखळी 'सैल पडली' असे आपण म्हणतो तेव्हा पोलाद ताणले गेलेले नसते. पिन आणि बुश झिजलेले असतात, आणि शंभरावर सांध्यांतील ही सूक्ष्म झीज एकत्र येऊन साखळी लांब झालेली दिसते. या झिजेवर उतारा वंगणाचा. ते हाताने घालावे, की यंत्राने घालावे, एवढाच आपला वाद आहे.

यंत्राची रचना साधी असते. फ्रेमला लावलेली तेलाची लहान टाकी, इंजिनाच्या शोषणाने उघडणारी झडप, एक बारीक नळी, आणि मागच्या स्प्रॉकेटवर मिनिटाला एखाद-दुसरा थेंब. इंजिन थांबले की थेंब थांबतो. या प्रकारातील सर्वांत ख्यातनाम 'स्कॉटऑइलर' हा ग्लासगोजवळचा. त्याचे जन्मस्थान पाहिले की त्याची आवश्यकताही ध्यानात येते. ब्रिटनमध्ये हिवाळ्यात बर्फ वितळावे म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात, आणि पाऊस तर बारमाही. तेथे उघडी साखळी फार लवकर गंजते.

त्याच्याही आधी, १९६९ साली विक्रीस आलेल्या होंडा सीबी ७५० या चार सिलिंडरच्या गाडीत ऑइलर मुळातच होता. इंजिनातीलच तेल पुढच्या स्प्रॉकेटच्या पोकळ दांड्यातून साखळीवर झिरपे, आणि एका स्क्रूने त्याचे प्रमाण कमीजास्त करता येई. इंजिनाची ताकद मोठी आणि साखळ्या त्या मानाने दुबळ्या, असा तो काळ होता. साखळी तुटून इंजिनाचे आवरण फुटल्याचे प्रकार त्या गाडीच्या बाबतीत घडले होते. ऑइलर त्या भीतीवरचा इलाज होता. त्याची किंमत म्हणजे तेलाने माखलेले मागचे चाक. पुढे पिन आणि बुश यांच्यामधील ग्रीस रबरी कड्यांनी कोंडून ठेवणाऱ्या 'ओ-रिंग' साखळ्या आल्या, आणि तो ऑइलर नव्या गाड्यांतून निघून गेला.

आमच्या मेकॅनिकचे म्हणणे नेमके येथे बसते. ज्या सांध्यात खरी झीज होते तेथे कारखान्यातच ग्रीस भरून ठेवलेले आहे. बाहेरचा थेंब तेथवर पोहोचतच नाही. शिवाय आपल्याकडच्या उन्हाळ्यात तेलावर धूळ बसते, आणि दोहोंचे मिळून दाते घासणारे एक रोगण तयार होते. हा युक्तिवाद बिनतोड वाटतो, पण तो अपुरा आहे. रोलर आणि स्प्रॉकेटचे दाते यांचे घर्षण बाहेरच होते. रबरी कड्या कोरड्या पडू नयेत आणि पट्ट्यांना गंज चढू नये, यासाठीही बाहेरचे वंगण लागते. म्हणूनच सीलबंद साखळीलासुद्धा साधारण पाचशे किलोमीटरला पुसून तेल द्यावे, असे सांगितले जाते.

आता हिशेब करू. गावातल्या गावात रोज दहा किलोमीटर फिरणाऱ्यास पाचशे किलोमीटर व्हायला पन्नास दिवस लागतात. त्याने ऑइलर खुशाल काढावा. दीड महिन्यातून एकदा अर्धा तास चाकाशी बसणे कोणासही जड नाही. आमचे पाचशे किलोमीटर मात्र सातव्या दिवशी पूर्ण होतात, आणि आषाढात तर सकाळी घातलेले तेल संध्याकाळपर्यंत धुऊन निघते. आमच्यासारख्यांना ऑइलर हा आळसाचा आश्रय म्हणता येणार नाही. 'राहू द्या' हे आमचे उत्तर, कारण न कळताही, बरोबर निघाले.

तरीही त्या उत्तराने आम्हांस एकदा जवळजवळ आडवे केले. पहिल्या डिसेंबरात, कडाक्याच्या थंडीत, साखळी कोरडी दिसली म्हणून आम्ही थेंबाचे प्रमाण वाढवले. थंडीत तेल दाट होते, वाहत नाही. एप्रिलमध्ये तेच तेल पातळ झाले; स्क्रू होता तेथेच राहिला. घाट उतरताना एका डाव्या वळणावर मागचे चाक सरकले. एक जण चालवीत होता, दुसरा मागे बसला होता. पलीकडे दरी होती. गाडी सावरली. उतरून पाहिले तर टायरची डावी कड तेलाने चकाकत होती. दोष यंत्राकडे नव्हता. चार महिने आम्ही दोघांपैकी एकानेही वाकून मागचे चाक पाहिले नव्हते. तेल घालणारा आहे म्हणून पाहण्याचे कामही त्याच्याकडे गेले, असे आम्ही न बोलता ठरवून टाकले होते.

आमचे मत या प्रसंगावर उभे आहे. हाताने तेल घालणारा माणूस त्या निमित्ताने साखळीचा ताण, दात्यांची टोके, टायरची झीज पाहत असतो. ऑइलर बसवला की तेल मिळत राहते, पण हे निमित्त जाते. ज्याला ऑइलर ठेवायचा आहे त्याने ते निमित्त वेगळे निर्माण करावे. आम्ही आता दर सोमवारी निघण्यापूर्वी टायरवर बोट फिरवून पाहतो, टाकीतील तेल पाहतो, आणि ऋतू पालटला की स्क्रू फिरवतो.

जुन्या गाड्यांची निगुतीने डागडुजी करणाऱ्यांचा प्रश्न थोडा वेगळा आहे. सीबी ७५०ला आज सीलबंद साखळी घातली तर तिच्या मूळ ऑइलरचे काम उरत नाही. मग तो कायमचा बुजवावा काय? येथे आम्हांस आमच्या विषयातील पाठचिकित्सेची आठवण होते. संपादक एखादा पाठ बदलतो तेव्हा टाकलेला पाठ तळटीपेत ठेवतो, कारण पुढच्या अभ्यासकास निर्णय फिरवता आला पाहिजे. तोच न्याय येथे लावावा. तेलाची वाट अशा रीतीने बंद करावी की पुन्हा उघडता येईल. काढलेला भाग डबीत जपावा आणि गाडीबरोबर पुढच्या मालकास द्यावा. तो ऑइलर कोणत्या भीतीपोटी बसवला गेला, हेही त्यास सांगावे.

आम्हांस मात्र आमच्या गाडीच्या पहिल्या मालकाने काहीच सांगितले नव्हते. आम्हीही विचारले नव्हते. गाडी विकायची वेळ येईल तेव्हा स्क्रूचे थंडीतले आणि उन्हाळ्यातले माप एका कागदावर लिहून कागदपत्रांत ठेवायचे, असे आम्ही ठरवले आहे.