विझलेली जागा वाचता येते का?

मोहरमला कडेगावात ताबुतांच्या भेटी पाहिल्यात ना? उंचच उंच ताबूत, हिंदू-मुस्लिम एकत्र, आणि पाय ठेवायला जागा नाही. त्या गर्दीत बेवारस बॅग दिसली तर? 13 फेब्रुवारी 2010 रोजी पुण्याच्या जर्मन बेकरीत अशाच बॅगेने 17 जणांचा जीव घेतला. त्यात विद्यार्थीही होते.

संशयित बॅगेला हात लावायचा नसतो. मग आत काय आहे ते कळणार कसं? इथे तुमची केमिस्ट्री कामाला येते.

काही पॉलिमर अतिनील प्रकाशात चमकतात. टीएनटीचा रेणू इलेक्ट्रॉन ओढून घेणारा. तो पॉलिमरला चिकटला की चमक विझते. पाटाला एका जागी भगदाड पडलं की पुढचे सगळे वाफे कोरडे, तसंच हे! लांब साखळीत एकच रेणू बऱ्याच भागाची चमक घालवतो. एमआयटीच्या टिमोथी स्वेगर यांच्या गटाने 1990च्या दशकात हे दाखवलं. हाच पॉलिमर सच्छिद्र सिलिकासारख्या पदार्थात मिसळला, की वाफ आत शिरायला जास्त जागा मिळते.

पण हुरळून जाऊ नका. आरडीएक्सची वाफ टीएनटीपेक्षा कितीतरी कमी. अमोनियम नायट्रेटची तर जातच वेगळी. शिवाय काही साधी रसायनंही चमक मंदावतात. म्हणून चमक विझली म्हणजे बॅगवाला गुन्हेगार नव्हे, आणि टिकली म्हणजे बॅग निर्धोक नव्हे. हे यंत्र हातात घेणाऱ्या प्रत्येकाला आधी हे शिकवायला हवं. नाहीतर बॉम्ब सुटेल आणि निरपराध माणूस अडकेल.

स्फोटकं ओळखण्याचं काम आपल्याकडेही चालतं. पुण्याच्या एचईएमआरएलने रंग बदलून स्फोटक ओळखणारं किट बनवलं. आयआयटी मुंबईत वाढलेल्या कंपनीचं ‘नॅनोस्निफर’ 2021 मध्ये आलं. दोन्हींचं तंत्र वेगळं, गरज एकच. आता अशी साधनं विमानतळापुरती न राहता तालुक्याच्या बंदोबस्तापर्यंत, परवडणाऱ्या किमतीत यायला हवीत.

ती बनवणार कोण? ‘बीएस्सी केमिस्ट्री म्हणजे औषध कंपनी, नाहीतर एमपीएससी’ असं म्हणणाऱ्यांनी लॅबमधली टीएलसी प्लेट आठवा. यूव्ही दिव्याखाली हिरव्या चमकेवर काळा डाग दिसतो. कारण थोडं वेगळं, पण वाचायचं तेच: विझलेली जागा. पुढच्या प्रॅक्टिकलला तो डाग नुसता पेन्सिलीने गोल करू नका. तो का पडला, हे सरांना विचारा.