प्रतिज्ञेची हुंडी

राष्ट्रगीतास उभे राहावे की नाही, ह्यावर आपल्या देशात जितका खल झाला, तितका प्रतिज्ञेतील बंधुभाव आचरावा की नाही, ह्यावर झालेला आम्हांस आढळत नाही. १९८५ साली केरळात तीन मुले राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, परंतु धर्मश्रद्धेमुळे ते गात नसत. एवढ्यावरून त्यांस शाळेतून काढण्यात आले. पुढील वर्षी सर्वोच्च न्यायालयाने त्यांस परत घेण्यास सांगितले. २०१६ साली चित्रपटगृहांत राष्ट्रगीत सक्तीचे झाले आणि २०१८ साली न्यायालयानेच ती सक्ती उठविली. सारा वाद जिभेचा आणि गुडघ्यांचा, आचरणाचा नव्हे.

पूर्वी असे नव्हते. २६ जानेवारी १९३० रोजी देशभर सभा भरून स्वातंत्र्याची प्रतिज्ञा वाचली गेली. तीत कायदेभंगाच्या तयारीचा व करबंदीचा स्पष्ट उच्चार होता. ती घेणारास तुरुंगाचे दार समोर दिसत असे. म्हणूनच तिला वजन होते.

आज शाळांतून म्हटली जाणारी प्रतिज्ञा पैडिमर्री वेंकट सुब्बाराव ह्यांनी १९६२ साली तेलुगूत लिहिली. हे गृहस्थ विशाखापट्टणम येथे कोषागार अधिकारी होते. खजिन्याचा हिशेब पाहणाऱ्याने लिहिलेले वचन आमच्या व्यापारी वाचकांस तरी सहज उमगावे. वचन म्हणजे दर्शनी हुंडी. ती पुढे येताच सकारली पाहिजे, नाही तर लिहून देणाराची पत जाते.

ही हुंडी पुढे येते कोठे? खोली भाड्याने मागावयास माणूस दारी येतो, तेथे. शाळेत दहा वर्षे सर्व भारतीयांस भावंडे म्हणविणारा गृहस्थ प्रथम त्याचे आडनाव विचारतो, मग जात ताडतो आणि खोली कालच दिली असे सांगून मोकळा होतो. कोणी म्हणतील, ‘घर आमचे, ते कोणास द्यावे हा आमचा प्रश्न.’ ठीक आहे; परंतु मग मुलाकडून रोज सकाळी जे वदवून घेता, ते कोणाशी केलेले वचन आहे? बाप दारात हुंडी नाकारतो आणि मुलगा शाळेत नवी लिहून देतो, अशा पेढीस बाजारात दिवाळखोर म्हणतात.

प्रतिज्ञा मोठ्याने म्हणण्याचा आग्रह आम्ही धरीत नाही. जो आडनाव न विचारता किल्ली हाती देईल, त्याने ती म्हटली असे आम्ही खुशाल समजू.