बेळगाव वाढतंय, पण त्यात आपली मुलं कुठे आहेत?

बेळगाव म्हटलं की बातमी येते ती सीमावादाचीच. 1956 ची राज्य पुनर्रचना, 1967 चा महाजन अहवाल, 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात असलेला दावा. हा वाद खोटा नाही. पण या गदारोळात शहराच्या पोटापाण्याची गोष्ट मागे पडते, असं आम्हाला वाटतं.

2011 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या 4 लाख 88 हजार होती. पुणे-बेंगळुरू महामार्ग शहराला लागून आहे, गोवा जवळ. उद्यमबागेतल्या फाउंड्र्या, मशीन शॉप आणि शहापूर-वडगावचे माग यांच्यावर हे शहर उभं राहिलं. आज हत्तरगीच्या विशेष आर्थिक क्षेत्रात एअरबस आणि बोइंगच्या विमानांचे सुटे भाग बनतात. 2012 साली सुवर्ण विधानसौध झाली, 2016 मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्याच यादीत नाव आलं.

मग प्रश्न उरतो, या वाढीत आपला वाटा किती?

आपली मुलं कारागीर आहेत यात शंका नाही. वेल्डिंग, फिटिंग, गाडी दुरुस्ती ती बापाच्या किंवा चाचाच्या हाताखाली शिकतात. पण हातात हुनर असलं तरी खिशात कागद नसतो. जुन्या वर्कशॉपमध्ये मालक हात बघून काम द्यायचा. विमानाच्या भागांच्या कारखान्यात आधी आयटीआय किंवा डिप्लोमा विचारतात. काम तेच, पण दार बंद.

दुसरी अडचण भाषेची. घरात उर्दू किंवा मराठी, सरकारी कारभार मात्र कन्नडमध्ये. सीमावादात आपली बाजू काहीही असो, कन्नड शिकल्याने कुणाचं मराठीपण किंवा उर्दू कमी होत नाही. नोकरीच्या अर्जाला मात्र वजन येतं.

तिसरी गोष्ट राजकारणाची. डिसेंबर 2022 मध्ये हिरेबागेवाडी टोलनाक्याजवळ महाराष्ट्राच्या ट्रकांवर दगडफेक झाली, बससेवाही विस्कळीत झाली. अशा वेळी नुकसान होतं ते ड्रायव्हरचं, हमालाचं, भाजीवाल्याचं. त्यात आपले लोकही आलेच. पुढे मार्च 2023 मध्ये कर्नाटकातलं मुस्लिमांचं 2बी अंतर्गत 4 टक्के आरक्षण रद्द करण्याचा निर्णय झाला. प्रकरण न्यायालयात गेलं आणि अंमलबजावणी थांबली. पण एका निर्णयाने मुलांच्या कॉलेजचा प्रवेश कसा टांगणीला लागतो, हे त्या वेळी कळलं.

म्हणून आमचं म्हणणं साधं आहे. दहावीनंतर मुलाला लगेच गॅरेजमध्ये बसवू नका, दोन वर्षं आयटीआयला द्या. जो आधीच कामाला लागला आहे, त्याच्यासाठी कौशल्य विकास योजनेत अनुभवाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय आहे, तिची चौकशी करा. मुलींनाही या शिक्षणातून वगळू नका. मोहल्ल्यातल्या कमिट्यांनी जलशांइतकाच वेळ अर्ज भरून देण्यासाठी काढावा.

सीमेचा निकाल न्यायालय केव्हा द्यायचा तेव्हा देईल. आपल्या मुलांचं वय मात्र त्यासाठी थांबणार नाही.