जुन्या वेलींचे भाट

सांतोरिनी बेटाहून परतलेल्या प्रवाशाची वही उघडली कीं दुसऱ्या-तिसऱ्या पानावर एक वाक्य हटकून सांपडतें : येथील द्राक्षवेली शेंकडों वर्षांच्या आहेत. मग समुद्रावरील सूर्यास्त येतो, पांढरीं घरें येतात, हातांतील पेला येतो, आणि त्या पेल्यांत लेखकास साक्षात् इतिहासाची चव लागते. आपल्या मराठी प्रवाशांनींही हा पाठ आतां तोंडपाठ केला आहे. आमचा आक्षेप पेल्यावर नाहीं. मद्यनिषेधाचें निशाण खांद्यावर घेऊन आम्ही येथें आलेलों नाहीं. आक्षेप त्या वाक्यावर आहे. तें अर्धेंच सत्य सांगतें, आणि जें अर्धें गाळतें त्याच्याच आधारावर ती वेल जगत आलेली आहे.

एजियन समुद्रांतील हें ग्रीक बेट म्हणजे एका प्रचंड स्फोटाचा अवशेष होय. सुमारें 3600 वर्षांपूर्वीं येथील ज्वालामुखी फुटला, बेटाचा मध्यभाग समुद्रांत खचला, आणि उरलेल्या कडांवर राख व वजरीसारखे हलके, सच्छिद्र दगड यांचे थरावर थर सांचले. या जमिनींत चिकणमाती जवळजवळ नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत फायलॉक्सेरा नांवाच्या मुळें शोषणाऱ्या कीटकानें युरोपांतील द्राक्षमळे उजाड केले, तेव्हां या राखेंत मात्र त्याला ठाव मिळाला नाहीं. इतरत्र अमेरिकन वेलींच्या मुळांवर कलमें करून द्राक्ष वांचवावें लागलें. येथील ‘असिर्तिको’ ही मुख्य जात आजही स्वतःच्याच मुळावर उभी आहे. उभी म्हणणेंही चूकच. ती जमिनीवर बसलेली आहे. पाऊस तुटपुंजा, आणि वारा असा कीं कोवळा फुटवा मोडून पडावा. म्हणून शेतकरी दर हिवाळ्यास छाटणी करतो, काड्या एकमेकींत वळवतो आणि वेलीचीच एक गोल टोपली विणतो. द्राक्षें तिच्या पोटांत, वाऱ्यापासून व उडत्या रेतीपासून सुरक्षित वाढतात. रात्रीं समुद्रावरून येणारा ओलावा ते सच्छिद्र दगड धरून ठेवतात, आणि तेवढ्यावर वेलीची पुष्कळशी तहान भागते.

आतां वयाचा प्रश्न. वर्षानुवर्षें विणली जाऊन टोपली जून होते. कांहीं दशकांनीं तिच्या लांबलचक वेढ्यांतून रस टोंकापर्यंत नीट पोंचेनासा होतो आणि पीक घटतें. तेव्हां शेतकरी ती संबंध टोपली जमिनीलगत कापून टाकतो. जुन्या मुळांतून नवा फुटवा येतो व त्याची नवी टोपली विणावयास घेतली जाते. म्हणजे वर दिसणारें खोड कितीही वांकडेंतिकडें असलें तरी तें मुळाचें वय सांगत नाहीं. आणि मूळ शतकानुशतकें जगलें असेल तर तें आपोआप जगलेलें नाहीं. प्रवासी ज्याला निसर्गाचा चमत्कार म्हणतो, त्यांत आजोबांनीं धीर करून कापलेली आणि नातवानें पुन्हा विणलेली टोपली आहे.

यावर एक जाणता पक्ष म्हणतो : एवढें चिडण्याचें कारण काय? ही ख्याति पसरली म्हणूनच बाटलीला किंमत आली, द्राक्षांचा भाव कितीतरी पटींनीं वाढला. कौतुकच वेलीला तारील. हा युक्तिवाद अगदींच टाकाऊ नाहीं. 1956 च्या जुलैमधील भूकंपानंतर अनेक कुटुंबें बेट सोडून गेलीं, तेव्हां कौतुक करावयास कोणी नव्हतें, हें आम्हांस मान्य आहे. पण भाव मिळतो तो किलोवर, आणि जून वेल किलो देत नाहीं. ज्या टोपलीच्या नांवावर बाटलीचा मोबदला वाढवून मागितला जातो, तीच टोपली वजनकांट्यावर तरुण वेलीपुढें हरते. आमच्या नाशिक-सांगलीकडील बागाइतदारास हें गणित वेगळें समजावून सांगावयास नको. 2023 आणि 2024 या लागोपाठच्या हंगामांत उष्णतेनें व अवर्षणानें पीक फारच घटलें. रिकाम्या पाटीवर चढा भाव लावून शेतकऱ्याच्या हातीं काय पडणार?

शिवाय त्याच मळ्याच्या बांधावर दुसरें एक गिऱ्हाईक उभें आहे. सुमारें 76 चौरस किलोमीटरांचें हें बेट. कायमची वस्ती पंधरा-सोळा हजारांची. आणि 2023 सालीं पाहुणे आले ते तीस लाखांहून अधिक. त्यांना खोल्या हव्यात, पोहण्याचे हौद हवेत, पाणी हवें. जेथें एके काळीं द्राक्षें पायांनीं तुडवीत, तीं खडकांत खोदलेलीं तळघरें (त्यांना तेथें ‘कानावा’ म्हणतात) आज कित्येक ठिकाणीं पाहुण्यांच्या निजण्याच्या खोल्या झालीं आहेत. विसाव्या शतकाच्या आरंभीं जे द्राक्षमळे होते त्यांचा लहानसा अंशच आतां उरला आहे. प्राचीन वेलीचें स्तोत्र गाऊन जो प्रवासी आणावयाचा, त्याच्या खाटेसाठीं तीच वेल उपटावयाची. आणि स्तोत्र गाणाऱ्यास यांत कांहीं विसंगत दिसत नाहीं!

हें सारें अटळ आहे असें म्हणणाऱ्यांनीं अझोर्स द्वीपसमूहांतील पिको बेटाकडे पाहावें. तेंही ज्वालामुखीचेंच. तेथें लाव्ह्याच्या काळ्या दगडांचे गडगे रचून त्यांच्या कप्प्यांत वेली लावतात. एकोणिसाव्या शतकांत रोगांनीं ते मळे उद्ध्वस्त झाले आणि कप्प्यांत झुडपें माजलीं. 2004 सालीं युनेस्कोनें तो प्रदेश जागतिक वारशांत घेतला. पण तेथील शासन बिरुदावर संतुष्ट राहिलें नाहीं. जमिनीच्या वापरावर बंधनें घातलीं, पडीक कप्पे पुन्हा लावणाऱ्यांस साहाय्य दिलें, आणि वेली परतल्या. सांतोरिनीच्या शेतकऱ्यालाही युरोपीय संघाची क्षेत्रावर कांहीं मदत आहे. म्हणजे वजनाऐवजीं मळ्यास मोबदला द्यावा हें तत्त्व मान्यच आहे. हॉटेलाच्या खोलीपुढें ती रक्कम टिकत नाहीं, एवढेंच.

टोपल्या सोडून तारांवर ओळीनें वेली लावाव्या, मजुरी वांचेल, असें सांगणारेही आहेत. त्यांच्याशीं आमचें भांडण नाहीं. नव्या लागवडींत तो प्रयोग खुशाल व्हावा. निदान ते कामाविषयीं तरी बोलतात.

2025 च्या फेब्रुवारींत बेट भूकंपाच्या धक्क्यांनीं सारखें हादरत होतें आणि हजारों रहिवासी मुख्य भूमीकडे निघून गेले. तो छाटणीचा हंगाम. पर्यटनाचा येता मोसम बुडेल काय याची चिंता आम्हीं ठिकठिकाणीं वाचली. त्या आठवड्यांत वेली कोणीं विणल्या हा प्रश्न मात्र आमच्या वाचनांत आला नाहीं. पुढच्या खेपेस जो कोणी तेथें जाईल त्यानें सूर्यास्त अवश्य पाहावा. पण ज्या मळ्याची मदिरा त्यानें घेतली तो कोणाचा, टोपल्या कोण विणतो, त्याला दिवसाचे किती मिळतात, आणि शेजारच्या तुकड्यावर पाया खणला गेला आहे काय, एवढें विचारून यावें व लिहावें. आम्ही तें आनंदानें वाचूं.