पाखड गवताची ओळख लोंबीपूर्वी हवी

भाताच्या खाचरात उगवणाऱ्या तणांपैकी पाखड, सावा इत्यादी नावांनी ओळखले जाणारे गवत भाताशी फार साम्य राखून असते. कोवळ्या वयात ते भातासारखेच हिरवे व भातासारखेच उभे दिसते. लोंबी बाहेर पडली म्हणजे मात्र लहान मूलही ते दाखवून देते. परंतु त्या वेळच्या ओळखीचा उपयोग थोडा. भाताच्या वाट्याचे खत व ऊन तोवर या गवताने घेतलेले असते, आणि भात कापणीस येण्यापूर्वीच त्याचे दाणे पिकून झडू लागतात. एका जोमदार झाडापासून हजारो दाणे जमिनीत पडतात व पुढील हंगामांची बेगमी करून ठेवतात. म्हणून या गवताच्या ओळखीचा धडा लोंबीपासून नव्हे, तर रोपापासून सुरू झाला पाहिजे.

रोपाची परीक्षा सोपी आहे. पाते जेथे खोडाभोवतीच्या आवरणास मिळते, तो सांधा हलक्या हाताने उलगडून पाहावा. भाताच्या रोपात तेथे पातळ पापुद्र्यासारखी जिभली व दोन्ही बाजूंस केसाळ कर्णिका आढळतात. पाखड गवतात जिभलीही नसते व कर्णिकाही नसतात. सांधा अगदी मोकळा असतो. बुंध्याच्या जांभळट रंगावरून निवाडा करण्याची चाल मात्र सोडून द्यावी. कारण भाताच्याही काही वाणांचा बुंधा जांभळा असतो. ही परीक्षा तरवा काढतानाच झाली पाहिजे. अन्यथा पाखडाचे रोप भाताच्या चुडातून खाचरात जाते, आणि शेतकरी स्वतःच्या हाताने तणाची लावणी करतो.

यावर कोणी म्हणेल की, तण ते तण; उपटले म्हणजे झाले, त्याची जात विचारून काय करावयाचे? हा प्रश्न गैर नाही, पण त्याचे उत्तर शेतातच मिळते. एकाच गावठी नावाखाली येथे निरनिराळ्या जाती मोडतात. एकायनोक्लोआ कोलोना ही जात बारीक खोडाची, बहुधा बुडाशी पसरणारी असते. तिच्या पात्यावर कधी कधी जांभळे आडवे पट्टे असतात. लोंबीच्या शाखा आखूड, १ ते ३ सेंटिमीटर लांब व एकमेकींपासून सुट्या असतात. कणिशके लहान, बिनकुसळी व शाखेवर चार ओळींत नीट बसविल्यासारखी दिसतात. एकायनोक्लोआ क्रस-गॅली ही उंच व दणकट असून तिची लोंबी मोठी व भरगच्च, कणिशके ३ ते ४ मिलिमीटर लांब असतात. तिला लांब कुसळ असते असे पुष्कळजण मानतात. पण ते कधी लांब, कधी आखूड, तर कधी मुळीच नसते. एकायनोक्लोआ ग्लाब्रेसेन्स ही तिसरी जात क्रस-गॅलीसारखीच भासते. तिच्या कणिशकाचे बाहेरील एक तूस फुगीर व चकचकीत असते, हीच तिची खूण. एका लक्षणावर विसंबू नये. दोन-तीन लक्षणे जुळवून पाहावीत, हे उत्तम.

या भेदाचा व्यवहारात उपयोग असा की, कोलोना ओलसर पण पाणी न तुंबणाऱ्या जमिनीत व पेरभातात अधिक फोफावते. लवकर व सतत राखलेल्या पाण्याच्या थराने ती बरीच दबते. क्रस-गॅली साचलेल्या पाण्यातही तग धरते. तेथे केवळ पाण्यावर भिस्त ठेवून भागत नाही. उगवलेल्या तणावर फवारावयाची बरीच तणनाशकेही कोवळ्या वयातच परिणाम करतात. शिवाय एकच औषध वर्षानुवर्षे वापरल्यामुळे त्यास न जुमानणारे पाखड गवत अनेक देशांत निर्माण झाले आहे.

हातानिंदणीलाही हे गवत चकविते. चीनमधील यांगत्से नदीच्या खोऱ्यात भातासारखे उभे वाढणारे पाखड गवत सुमारे १००० वर्षांपूर्वी उदयास आले असावे, असा निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक अभ्यासात निघाला. वेगळी दिसणारी झाडे पिढ्यानपिढ्या उपटली गेली. भातासारखी दिसणारी सुटली व त्यांचेच बी उरले. अर्धवट ओळखीने केलेली निंदणी तणाला अधिक हुशार करते, असाच याचा अर्थ.

या गवताचा तिरस्कार करण्याचेही कारण नाही. उत्तराखंडात झंगोरा म्हणून पिकविले जाणारे सावा धान्य कोलोनापासूनच माणसाने घडविले. फरक इतकाच की, पिकाचे दाणे कापणीपर्यंत लोंबीवर टिकतात, तणाचे झडून जातात. ज्याने ही निवड केली त्या शेतकऱ्याची नजर आजही बेणणीस बसणाऱ्या स्त्रियांपाशी आहे. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी तणाची माहिती सांगताना प्रथम त्यांनाच बांधावर बोलवावे. प्रत्येक गावात एक जुनी वही ठेवून तीत रोप, पाते व लोंबी वाळवून चिकटवावी. खाली गावचे नाव, जमीन व तारीख लिहावी. 'खाचरात गवत फार आहे' एवढ्या तक्रारीवर योग्य सल्ला देता येत नाही. कोणते गवत व किती पानांचे, हे सांगता आले की निम्मे काम झालेच.