हातानें केलेला सण

ऑक्टोबरच्या ३१ व्या तारखेस अमेरिकेंत 'हॅलोवीन' नांवाचा सण पाळतात. दुसरे दिवशीं, म्हणजे १ नोव्हेंबर रोजीं, पाश्चात्य ख्रिस्तमंडळींत सर्व संतांचा स्मरणदिन असतो. त्याच्या पूर्वसंध्येचें जुनें इंग्रजी नांव झिजून हा शब्द झाला. आज संतांची आठवण थोड्यांसच राहिली असून भुतांचीं सोंगें, भोंपळ्याचे दिवे व मिठाई मागत दारोदार फिरणारीं मुलें हेंच त्या सणाचें मुख्य रूप झालें आहे. या निमित्तानें तेथील पुष्कळ मुली घरच्या घरीं आपलीं नखेंही रंगवितात. नारिंगी रंगावर काळे डोळे व दातेरी तोंड काढिलें कीं नखाचा भोंपळा होतो. काळ्या रंगावर पांढऱ्या आडव्यातिडव्या रेघा ओढून दोन डोळे ठेविले कीं मिसर देशांतील ममी होते. बारीक कुंचला नसला तर दांतकोरणीचें टोंक पुरतें.

हा निव्वळ पोरखेळ आहे, त्याचा विचार तो काय करावयाचा, असें कित्येक पालक म्हणतील. परंतु दुकानांतून आणिलेल्या उंची सोंगापेक्षां हा पोरखेळ अधिक मोलाचा आहे, असें आमचें मत आहे.

ही रीत बारकाईनें पाहा. उजव्या हाताच्या मुलीस डाव्या हाताचीं नखें सहज साधतात. उजव्याचीं रंगवितांना मात्र रेघ थरथरते. मग थोरली बहीण किंवा आई पुढें होते. पहिला थर वाळण्यापूर्वीं दुसरा दिला तर सर्व फिसकटतें, म्हणून बोटें पसरून स्वस्थ बसावें लागतें. त्या बसण्यांत गोष्टी निघतात, थट्टा होते, आजीच्या लहानपणचा सण कसा होता हें समजतें. रंग आठवडाभरांत खरवडून जातो. ती संध्याकाळ मात्र पुष्कळ वर्षें मनांत राहते.

या सणाचा इतिहासही हेंच सांगतो. आयर्लंड व स्कॉटलंड येथील मुलें पूर्वीं सलगमाचा कठीण कंद पोखरून त्यास भेसूर तोंड कोरीत व आंत दिवा ठेवीत. अशा एका कंदाचा ठसा आयर्लंडच्या मेयो परगण्यांतील राष्ट्रीय संग्रहालयांत जपून ठेविला आहे. पुढें हे लोक अमेरिकेंत गेले, तेथें सलगमाची जागा भोंपळ्यानें घेतली. तो मोठा व कोरावयास सोपा. फळ बदललें, पण कोरणारे हात मुलांचेच राहिले.

१९५० सालीं फिलाडेल्फिया येथें एका प्रेस्बिटेरियन पाळकाच्या पत्नी मेरी एम्मा अॅलिसन यांच्या कल्पनेवरून मुलांनीं दुधाचीं रिकामीं कागदी खोकीं रंगविलीं आणि मिठाईऐवजीं घरोघर पैसे मागितले. १७ डॉलर जमले, ते संयुक्त राष्ट्रांच्या बालनिधीस पाठविण्यांत आले. त्या लहानशा आरंभांतून पुढें देशव्यापी उपक्रम उभा राहिला. याच्या उलट, २०२३ सालीं या एका सणावर अमेरिकन लोक १२.२ अब्ज डॉलर खर्च करतील असा तेथील किरकोळ व्यापाऱ्यांच्या संघटनेचा अंदाज होता. इतक्या खरेदीनंतर मुलाच्या हातास काय काम उरत असेल, याचा विचार वाचकांनींच करावा.

गोष्ट दूरदेशची असली तरी प्रश्न आपल्याही दाराशीं आला आहे. दिवाळींत कामट्यांचा व पतंगी कागदाचा आकाशकंदील, अंगणांत मातीचा किल्ला, नाताळांत कामट्यांचा तारा व गव्हाणी, हीं मुलांचीं कामें होतीं. आज कंदील, किल्ला, गव्हाणी, सर्व तयार मिळतें. वेळ वांचतो, असें वडील माणसें म्हणतात. वांचतो खरा, पण त्या वेळांत मुलें बहुधा नुसतीं बसून राहतात.

नखें रंगविणें हा नटवेपणा आहे आणि भुतांचीं चित्रें ख्रिस्ती घरांत नकोत, असे दोन आक्षेप घेतले जातील. दुसऱ्यास आम्ही मान देतों. ज्या घरास तीं चित्रें रुचत नाहींत, त्यानें फुलें व तारे काढावे. पहिल्याविषयीं एवढेंच कीं, मेंदीही हातावरच काढितात, आणि तिच्यांत कोणी दोष पाहत नाहीं. रंगविलेलीं नखें शाळेंत चालत नाहींत हा नियम योग्यच आहे. परंतु सुटी तर मुलांची आहे. मात्र नखांचा रंग व तो काढावयाचें औषध हीं दोन्ही लौकर पेट घेणारीं असतात. पणती व चूल यांपासून दूर, खिडकी उघडी ठेवून हें काम करावें.

पालकांस आमची विनंति अशी कीं, येत्या सुटींत सणाची एक तरी वस्तु विकत आणूं नये. ती मुलांस करूं द्यावी. कंदील कलला, ताऱ्याचें एक टोंक आंखूड झालें, तरी तो रात्रीं गुपचूप नीट करूं नये. जसा झाला असेल तसाच दारावर टांगावा. आणि मुलांनो, तुम्हीं करावयाचें तें एवढेंच कीं, तो करितांना घरांतील एखाद्या वडील माणसास जवळ बसवून घ्यावें, आणि त्यांच्या लहानपणीं हा सण कसा होत असे तें विचारावें.