रसग्रहण ज्याचे त्याने करावे

'पुढील कवितेचे रसग्रहण करा' असा प्रश्न समोर आला, की पुष्कळ मुलांची लेखणी न थांबता धावू लागते. कवीची प्रतिभा अलौकिक आहे, भाषा ओघवती आहे, शब्द नादमधुर आहेत, कल्पना हृदयाला भिडणाऱ्या आहेत, अशी वाक्ये एकामागून एक कागदावर उतरतात. ती शुद्ध असतात आणि दिसतातही सुंदर. त्यांत उणीव एकच असते. कवितेचे नाव खोडून तेथे दुसऱ्या कोणत्याही कवितेचे नाव घातले, तरी त्यांतील एक अक्षरही बदलावे लागत नाही. जो सदरा गावातील प्रत्येकाच्या अंगात शिरतो, तो कोणाच्याच मापाचा नसतो.

असे उत्तर लिहिणाऱ्या मुलाला मी आळशी म्हणणार नाही. बहुधा तो भीत असतो. आपल्याला जे वाटले ते चूक ठरेल, त्यापेक्षा मार्गदर्शिकेत छापलेले वाक्य बरे, असा त्याचा हिशेब असतो. ही भीती आम्ही वडीलधाऱ्यांनीच त्याच्या मनात घातली आहे, हेही कबूल केले पाहिजे. तथापि, मनाला काहीच झालेले नसताना 'मन हेलावून जाते' असे लिहिणे म्हणजे खोटे बोलणेच होय. इतर खोटेपणाला शिक्षा होते. या खोटेपणाला मात्र कधी कधी गुण मिळतात, म्हणून तो मला अधिक घातक वाटतो.

रसग्रहण म्हणजे रस घेणे. आमरस कसा झाला आहे, असे आईने विचारले, तर 'अप्रतिम' एवढेच म्हणणाऱ्याने तो चाखलाच असेल, अशी खात्री देता येत नाही. 'थोडा आंबट आहे, पण वेलदोड्याचा वास छान येतो', असे जो म्हणतो, त्याने तो नक्कीच चाखलेला असतो.

बालकवींची 'औदुंबर' ही कविता घ्या. ती अवघ्या आठ ओळींची आहे. पहिल्या वाचनात मुलांना तीत काहीच घडत नाही, असे वाटते. आणि ते खरेही आहे. एक झरा वाहतो, पैल टेकडीकडे लहानसे गाव आहे, शेते आहेत, एक पायवाट डोहाकडे जाते आणि तेथे एक उंबराचे झाड आहे. एवढेच. पण ही कविता दोनदा मोठ्याने वाचा आणि आपली दृष्टी कोठून कोठे गेली, ते आठवून पाहा. आधी आपण दूरवर पाहत होतो. पायवाट दिसली आणि आपण तिच्यामागून निघालो. शेवटी आपण पाण्याच्या अगदी काठाशी येऊन थांबलो. ज्या झाडाचे नाव कवितेला दिले आहे, ते झाड शेवटच्या ओळीपर्यंत दिसतच नाही. त्याचे नाव हा कवितेचा अगदी शेवटचा शब्द आहे.

आता रंग पाहा. सुरुवातीला निळसर सावळे पाणी आहे. हिरवा रंग तर तीनदा येतो. त्या हिरव्यातून पांढरी पायवाट जाते आणि शेवटी काळा डोह येतो. हे सारे कवितेत लिहिलेले आहे. त्यासाठी कोणतीही मार्गदर्शिका उघडावी लागत नाही.

झाडाने पाण्यात पाय सोडले आहेत, असे कवीने म्हटले आहे. येथे चेतनगुणोक्ती अलंकार आहे, असे तुम्ही लिहाल. लिहावेच. परंतु अलंकाराचे नाव सांगून थांबणे म्हणजे पाहुण्याचे नाव विचारून दार लावून घेण्यासारखे आहे. या कवितेत घरे आहेत, मळे आहेत, माणसांच्या पावलांनी पडलेली वाट आहे. पण माणूस एकही नाही. माणसासारखे बसलेले आहे ते फक्त झाड! हे ज्याच्या ध्यानात आले, त्याने अलंकाराचे नाव विसरले तरी मी त्याला गुण देईन.

कवीचे चरित्र लिहितानाही जपावे लागते. बालकवींचे नाव त्र्यंबक बापूजी ठोंबरे. त्यांचा जन्म १८९० साली खानदेशात धरणगाव येथे झाला. जळगावला १९०७ साली भरलेल्या कविसंमेलनात त्यांना 'बालकवी' ही पदवी मिळाली. १९१८ साली रेल्वेच्या अपघातात, वयाच्या अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी, त्यांचा अंत झाला. हे वाचून काही मुले लिहितात, की काळ्या डोहात कवीला आपला मृत्यू दिसत होता. हा अपघात आपल्याला ठाऊक आहे. कविता लिहिताना तो कवीला ठाऊक नव्हता. पुढे घडलेली गोष्ट मागे नेऊन कवितेत पेरणे हा कवितेवर अन्याय आहे.

मग ही कविता उदास आहे की शांत? याविषयी जाणत्या वाचकांतही एकमत नाही, ही तुमच्या दृष्टीने मोठी सोयीची गोष्ट आहे. उदास म्हणणाऱ्याने काळा डोह आणि एकटे झाड दाखवावे. शांत म्हणणाऱ्याने एवढेच दाखवावे, की पाण्यावर पसरलेल्या त्या काळोख्या छायेला कवीने गोड म्हटले आहे. दोघांपाशीही कवितेतला साक्षीदार आहे, म्हणून दोघांचेही उत्तर ग्राह्य आहे. साक्षीदार नसेल, तर मत कितीही मोठे असले तरी ते चालणार नाही. एखादी ओळ समजली नाही, तर 'ही ओळ मला समजली नाही. मला अशी शंका आहे', असे लिहिण्यास मुळीच लाजू नका. नेमकी शंका विचारण्यासाठीसुद्धा कविता नीट वाचावी लागते.

तुमच्या वर्गात या कवितेवरून दोन पक्ष पडले, तर पडू द्या. गुरुजींनीही घाईने निवाडा देऊ नये. एक प्रश्न मात्र दोन्ही पक्षांनी सोडवायचा आहे. पायवाट तर डोहाकडे जाते. मग त्या डोहाकाठी कोणीच कसे नाही?